खारे वारे, मतलई वारे

शाळेत भूगोल शिकवणारे आमचे गुरुजी खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचा धडा आला, की पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहू लागत. खिडकीबाहेर पऱ्हाटीचे वावर, त्यापलीकडे बाभळी आणि त्याही पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ. समुद्र तिथून ४०० किलोमीटरच्या आसपास. गुरुजींनी तो पाहिला नव्हता, आम्ही पाहिला नव्हता, आणि वर्षातून एकदा शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी पाहिला असेल, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नसे. तरीही आम्ही व्याख्या घोकल्या. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे; रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. परीक्षेत मी ‘मतलई’च्या जागी ‘मतलबी’ असे लिहिले आणि गुरुजींनी अर्धा गुण कापला. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी वाटते, की माझी चूक काही फार मोठी नव्हती. जमिनीवरून समुद्राकडे जाणारे बहुतेक वारे मतलबीच असतात. नोकरीच्या मतलबाने ते जातात. मीही तसाच गेलो.

वर्षभर या पानावर मी भाषेच्या गमतीजमती सांगतो. दिवाळी अंकासाठी जागा जरा मोठी मिळते, तेव्हा यंदा घरातली गोष्ट सांगतो. ती माझ्या मनात श्रावणापासून घोळते आहे आणि तिचा निकाल माझ्या हातून नीट लागला की नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

आधी माझे समुद्रकाठचे दिवस. एम. ए. झालो, नेट झालो, आणि चार वर्षे तासिका तत्त्वावर तीन गावांच्या तीन कॉलेजांत शिकवत एस. टी. च्या खिडकीशी संसार केला. आमच्या भागात कायमची जागा कशी मिळते, हे सांगण्यासाठी हे पान नव्हे. ज्यांना ठाऊक आहे ते हसतील आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांचे दिवाळीचे चार दिवस कशाला नासवायचे? २००६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातून जाहिरात आली. मुलाखतीत मला श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’विषयी विचारले. कादंबरी १९५२ सालची. मी गारंबीच्या माडा-पोफळींवर, आगरांवर, तिथल्या माणसांच्या तिरकस बोलण्यावर पंधरा मिनिटे अस्खलित बोललो. समोरच्यांपैकी एकाने चष्मा काढून विचारले, “आपण कोकणात कधी आला होतात?” मी म्हणालो, “आजच सकाळी.” नोकरी मला त्या उत्तरावर मिळाली, अशी माझी समजूत आहे.

तिथे गेल्यावर पहिली गंमत झाली ती ‘घाट’ या शब्दाची. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. मी संग्रामपूर तालुक्यातला, म्हणजे जन्माने घाटाखालचा. कोकणात पाय ठेवला आणि जो तो मला म्हणू लागला, “तुम्ही घाटावरचे ना?” पहिले काही दिवस मी मोठ्या निष्ठेने सांगत असे, की नाही हो, मी घाटाखालचा! लोक माझ्याकडे करुणेने पाहात. सह्याद्रीच्या पलीकडे आणखी एखादा घाट असू शकतो आणि त्याच्याही खाली माणसे राहू शकतात, ही कल्पना त्यांना पटत नसे. बुलढाणा नागपूरच्या अलीकडे की पलीकडे, हे तर सहा वर्षांत फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

समुद्रकाठी राहण्याची ओढ म्हणजे नेमके काय, याचे मी पुष्कळदा मनात पृथक्करण करून पाहिले आहे. सुट्टीत जाणाऱ्याला जो समुद्र दिसतो तो वेगळा. सूर्यास्त, वाळू, शहाळे. चौथ्या दिवशी त्याचा कंटाळा येतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला पहिल्या वर्षी समुद्र फारसा आवडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना पांढरी बुरशी आली. एम. ए. च्या वेळच्या टिपणवह्या एकमेकींना अशा चिकटल्या, की मध्ययुगीन वाङ्मयापासून आधुनिक वाङ्मय वेगळे काढता येईना. सायकलची साखळी गंजली, ट्रंकेची कडी गंजली, आणि सौभाग्यवतींच्या मते माझा स्वभावही थोडा गंजला. आमच्याकडे वर्षाकाठी सातआठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो येईल की नाही याच्या काळजीत दोन महिने जातात. रत्नागिरीकडे ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो थांबेल की नाही याच्या काळजीत चार महिने जातात.

मग हळूहळू ते अंगवळणी पडते. दुपारी तीन-साडेतीनला बी. ए. च्या वर्गात मुले पेंगू लागत, आणि तेवढ्यात पश्चिमेच्या खिडकीतून खारा वारा आत येई. फळ्यावरचा नकाशा फडफडे. मुले जागी होत आणि मीही. शाळेत घोकलेली व्याख्या मानेवरून थंडगार फिरते, तेव्हा काय वाटते ते सांगता येत नाही. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आमच्याकडे शेतकऱ्याचा दिवस सूर्याने ठरतो. तिथे होडीवाल्याचा दिवस चंद्राने ठरतो आणि तो रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतो. आज सकाळी सहाला माणसे जेटीवर, तर आठवड्याने दुपारी बाराला. पहिल्यांदा मला हा अव्यवस्थितपणा वाटला. पुढे कळले, की पंचांगाचा इतका नेमका उपयोग आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्तालाही होत नाही. जून आणि जुलै असे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. तेव्हा खलाशांच्या घरची मुले वर्गात भरलेली असत. नारळी पौर्णिमा झाली, की मागच्या दोन बाकांवर शुकशुकाट! हजेरीपटावर मी ‘अनुपस्थित’ ऐवजी मनातल्या मनात ‘समुद्रस्थ’ असे लिहीत असे.

मासे खायला मला आमच्या घरमालकीणबाईंनी शिकवले. त्यांना आम्ही काकू म्हणत असू. पंचाहत्तरीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, जांभ्या दगडाच्या मोठ्या घराच्या मालकीण. बांगड्याचा काटा कसा एका ओढीत काढायचा हे त्यांनी मला दाखवले. मटणाच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला ही विद्या अवघड. काकूंच्या परसात विहीर होती. विहिरीपासून समुद्र सत्तर-ऐंशी पावलांवर. भरतीच्या वेळी लाटेचा आवाज रहाटाच्या करकरीत मिसळे. आणि त्या विहिरीचे पाणी गोड होते! खारट नव्हे, मचूळही नव्हे. शहाळ्याच्या पाण्याचा धाकटा भाऊ म्हणावा असे. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असते, ते जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, असे आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी मला समजावून सांगितले. मात्र उपसा फार झाला, की खालचे खारे पाणी वर येते. काकूंना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण पंप बसवा असे कोणी म्हटले, की त्या म्हणत, “विहिरीला हाव दाखवू नये.”

ही विहीर मी विस्ताराने सांगतो आहे, त्याला कारण आहे. आमचे गाव खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या दोन्ही अंगांना शेकडो मीटर खोल गाळ साचलेला आहे, वर काळीभोर चिकण माती, आणि त्या गाळातले पाणी खारे. विहीर खणा, बोअर घ्या, खारेच. ते पाणी पिकाला दिले तर जमीन हळूहळू निकामी होते. म्हणून पाणी असून कोरडवाहू, असा आमचा शेतीचा प्रकार. कापूस, तूर, मूग, हरभरा. सारा खेळ पावसावर. आणि माणसांनी तेच पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले. मूत्रपिंडाचे दुखणे आमच्याकडे घरोघर. अलीकडे वान धरणाचे गोडे पाणी नळाने येऊ लागले आहे, पण नळ रोज येत नाही आणि तहान रोज लागते.

खारेपणाशी आमचे नाते असे जुने. १९३० च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले, तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांना प्रश्न पडला असेल, की समुद्र नसताना कायदा मोडायचा कसा? अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींनी तो सोडवला. तिथे विहिरीचे पाणी आटवून मीठ करण्यात आले आणि सत्याग्रह झाला. लोणारचे सरोवर तर आमच्याच जिल्ह्यातले. उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा आणि तळाशी खारट-क्षारयुक्त पाणी. अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’त या लोणारचा आणि तिथे मिळणाऱ्या काच व साबणाच्या द्रव्यांचा उल्लेख आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा सारा देश पाहू लागला. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, असा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने निर्वाळा दिला. त्या पाण्यात मासा जगत नसे. म्हणजे मिठाचे सारे आमच्या वाट्याला आले, समुद्र तेवढा आला नाही!

२०१० च्या जानेवारीत आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे कोकणात आले. शेगावहून रेल्वेने कल्याण, तिथून पनवेल, पुढे कोकण रेल्वे. ती गाडी १९९८ साली सुरू झाली नसती तर आबा आलेच नसते. सत्तरी गाठलेले, धोतर-सदरा-टोपी, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रापुढे उभे. मला वाटले होते, काहीतरी उद्गार काढतील. आमचे कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे, त्यांना आणि आबांना एकाच जिल्ह्याने वाढवलेले, तेव्हा वडिलांच्या मुखातून थोडे काव्य बाहेर पडायला हरकत नव्हती. आबा वाकले, लाटेत बोट बुडवले, जिभेला लावले आणि म्हणाले, “आपल्या वावरातल्या विहिरीवानीच हाये.”

मग घरी येऊन त्यांनी काकूंच्या विहिरीचे पाणी मागितले. तांब्याभर प्याले. तांब्या खाली ठेवला, समुद्राच्या दिशेने पाहिले, पुन्हा तांब्याकडे पाहिले. “अन् हे असं कसं?” एवढेच म्हणाले. मी भूगोलाच्या प्राध्यापकांची सगळी उपपत्ती सांगितली. त्यांनी ती ऐकली, पण त्यांचा प्रश्न शास्त्राचा नव्हता, हे मला तेव्हा समजले नाही. पंधरा दिवस राहिले. रोज तांब्या भरून घेऊन ओटीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याबद्दल सांगत. जाताना एक कॅन भरून घेऊन गेले. गावात घरोघर घोटघोट वाटले म्हणे.

काकू आबांना म्हणाल्या होत्या, “तुमचा मुलगा एवढ्या लांबून इथे येऊन राहिला, आणि माझा इथला असून डोंबिवलीला राहतो. कोणाच्या पाण्यात काय असते, सांगता येत नाही.” काकूंचे हे दुःख एकट्या त्यांचे नव्हते. त्या गावात अर्ध्याअधिक घरांना गणपतीपुरतेच दिवे लागत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दहा वर्षांत आमचा बुलढाणा २२ लाखांवरून २५ लाखांच्या पुढे गेला. आता यावरून समुद्राची ओढ कुणाला, हे तुम्हीच ठरवा. मला वाटते, ती समुद्राजवळ न जन्मलेल्यालाच अधिक असते. काकूंच्या मुलाला समुद्र म्हणजे वडिलांची चिंता आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर. मला तो म्हणजे साडेतीनचा वारा.

चिंता खोटी नव्हती. २००९ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन तीनेक आठवडे झाले असतील, ‘फयान’ वादळ आले. त्या रात्री मी कोळीवाड्यात गेलो होतो, कारण मागच्या बाकावरचे दोन विद्यार्थी होडीवर होते. किनाऱ्यावर बायका कंदील आणि विजेऱ्या घेऊन उभ्या होत्या. कोणी रडत नव्हते, हे मला सर्वांत भयंकर वाटले. दोघे विद्यार्थी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या काही गावांतले खलाशी आले नाहीत. त्यानंतर ‘समुद्रस्थ’ हा माझा विनोद मी मनातूनही काढून टाकला.

२०११ साली आबांचे पाय सुजू लागले. दादा, माझा मोठा भाऊ, त्यांना घेऊन आधी शेगाव, मग अकोला अशा फेऱ्या करू लागला. पुढे आठवड्यातून दोनदा रक्त धुण्याची वेळ आली. मी फोन करी, पैसे पाठवी, दिवाळी-उन्हाळ्यात जाई. २०१२ साली बुलढाण्यात जागा निघाली आणि कोकणातली कायम नोकरी सोडून मी परत आलो. आबा त्यानंतर तीन वर्षे होते. लोक म्हणाले, मुलगा वडिलांसाठी परतला. खरे सांगायचे, तर दुखण्याचे पहिले सगळे हेलपाटे दादाने घातले होते. मी आलो तेव्हा रस्ता मळलेला होता.

आता यंदाची गोष्ट. दादाचा धाकटा मुलगा बारावी झाला. त्याचे नाव सांगत नाही. शेगावच्या आसपास निम्म्या मुलांचे जे नाव असते तेच त्याचे आहे. सीईटीत बरे गुण पडले आणि चिरंजीवांनी जाहीर केले, की मला मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायची आहे आणि तीही रत्नागिरीला, शिरगावच्या कॉलेजात. घरात जणू वीज पडली. आमच्या घराण्यात मासा खाणाराही मी पहिलाच. शिकणारा तर कोणी स्वप्नातही नव्हता. दादाने मला गावी बोलावले. “मास्तर, तुम्हीच नादी लावलं असंन,” असे त्याचे पहिले वाक्य. लहानपणापासून तो मला मास्तर म्हणतो आणि रागावला म्हणजे ‘तुम्ही’ म्हणतो.

मी नादी लावले नव्हते. पण आबांच्या त्या पाण्याची गोष्ट या पोराने लहानपणी शंभरदा ऐकली होती, हेही खरे. रात्री ओट्यावर बैठक बसली. दादा म्हणाला, “माशाचंच शिकायचं तर नागपूरले कॉलेज हाये ना! एवढ्या लांब कायले?”

पोरगा म्हणाला, “बाबा, नागपूरले खारं पानी नाही.”

मग त्याने आपली सारी योजना मांडली. हरयाणात रोहतकजवळ लाहली या गावी मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. तिकडेही समुद्र नाही आणि जमिनीखालचे पाणी खारे. पिके येत नाहीत अशा जमिनीत तळी खणून त्या पाण्यात व्हेनामी जातीची कोळंबी वाढवतात. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम कमी असते, ते वरून घालावे लागते. आपली माती चिकण, पाणी मुरत नाही, शेततळी टिकतात. मग आपल्याकडे काहून होणार नाही? मी मास्तर असल्यामुळे शंका काढल्या. आपले पाणी पुरेसे खारे आहे का? तळ्यातले पाणी शेजाऱ्याच्या वावरात उतरले तर त्याच्या तुरीचे काय? कोळंबीला रोग पडला तर? विकत कोण घेणार, बर्फ कुठून येणार? पोरगा म्हणाला, “काका, हेच तर शिकाले जातो.” यावर कोणत्याही शिक्षकाला गप्प बसणे भाग आहे.

दादा मात्र गप्प बसला नाही. पोरगा उठून आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, “तू सहा वर्षं समुद्रावर होता, तवा आबाले दवाखान्यात कोन नेत होतं? आता हा गेला, म्हंजे माह्या वेळी कोन?” ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला, म्हणजे राग गेला होता आणि त्या जागी जे आले होते त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेरा वर्षे हा प्रश्न त्याने पोटात ठेवला होता. दर दिवाळीला आम्ही एकाच पाटाशेजारी पाट मांडून जेवलो आणि त्याने तो काढला नाही. मला काकूंचे रिकामे घर आठवले, डोंबिवलीचा मुलगा आठवला. माझी तेव्हाची ओढ आणि त्या मुलाची मुंबईची ओढ यांत मी काय फरक सांगणार होतो? मी म्हणालो, “दादा, तू नेत होतास. मी नव्हतो.” एवढेच. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

वहिनी दाराआड उभ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडातून खडा काढला आहे. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तिथं होस्टेलातलं पानी कसं असते हो?” मी सांगितले, की गोडे असते. “मंग जाऊ द्या त्याले,” त्या दादाला म्हणाल्या, “चार वर्षं तं गोड पानी पिऊ द्या.” कोळंबी, पोटॅशियम, पदवी, बाजार यांपैकी एकही मुद्दा त्यांनी विचारात घेतला नाही.

बुलढाण्याला परतताना राजूर घाट चढलो, की मी एक विचार नेहमी करतो. आमचा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगराने दुभागलेला आहे. घाटाच्या उत्तरेला पडलेला थेंब नळगंगा, विश्वगंगा अशा एखाद्या नदीतून पूर्णेला मिळतो, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. दक्षिणेला चार हात सरकून पडलेला थेंब पैनगंगेत जातो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत बंगालच्या उपसागरात उतरतो. म्हणजे आमच्याकडे समुद्र एकही नाही. पण पाठवणी मात्र दोन समुद्रांना होते. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांना सुचलेली कविता शिकवायची असली, की आधी विचारतो, समुद्र कोणी कोणी पाहिला आहे? यंदा साठांपैकी अकरा हात वर आले. त्यांतले चौघे पोलीस भरतीसाठी मुंबईला गेले होते आणि त्यांनी तो धावताना पाहिला होता.

सप्टेंबरात प्रवेश पक्का झाला. शेगावच्या स्टेशनावर आम्ही सगळे होतो. वहिनींनी ज्वारीचे पीठ, ठेचा आणि तीळ घातलेल्या दशम्या बांधून दिल्या होत्या. पीठ तिकडच्या हवेत आठ दिवसांत खराब होईल, हे मी सांगणार होतो, पण सांगितले नाही. दादाने गाडी कुठे कुठे थांबते हे मला तीनदा विचारले आणि पोराला एकदाही काही सांगितले नाही. गाडी हलल्यावर तो चार पावले तिच्याबरोबर चालला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी योगायोगाने गावीच होतो. पोरगा मांडवीच्या किनाऱ्यावर उभा होता. मागे लाटांचा आवाज येत होता आणि वाऱ्याने त्याचे शब्द तुटत होते. म्हणाला, “काका, बोट लावून पाहालं. आबा म्हनत तसंच हाये, आपल्या विहिरीवानी.” दादाने फोन माझ्या हातातून घेतला. “अन् प्याचं?” त्याने विचारले. तिकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. दादा दोन-तीनदा “हं, हं” म्हणाला, मग ओट्यावरून उठून अंगणात गेला आणि तिथून मोठ्याने, जणू समुद्रापर्यंत आवाज पोचवायचा होता अशा सुरात, “जेवला का पन?” असे विचारू लागला.